पद्मिनीचं पोट कसं साफ करावं? (कोकणातली गाडी, गंज आणि पावसाळ्यानंतरची कामं)

हापूस_८५
नमस्कार मंडळी,
आमच्याकडे १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी शोरूममधून घेतलेली, तेव्हापासून घरातच. पूर्वी पुण्यात असायची, आता गावी असते. गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, घरातून समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर. इंजिन एका सेल्फला चालू होतं, गिअर मस्त पडतात, रंगही बरा आहे. प्रश्न खालचा आहे. मागचं चाक काढलं तेव्हा आत टॉर्च मारून पाहिलं. मडगार्डच्या आत लाल मातीचा थर बसलाय, त्याखाली काळं काहीतरी पापुद्र्यासारखं सुटतंय आणि ते बोटाने ओढलं की मागे तांबूस भुकटी हाताला लागते.
तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो रॅम्पवर घ्या, प्रेशरने दहा मिनिटांत चकाचक करतो. गावातले मिस्त्री म्हणतात काही धुवू नका, जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून फवारा. शहरातला भाऊ म्हणतो काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घे आणि विसरून जा.
पाऊस आता ओसरलाय. ऑक्टोबरमध्ये सुट्टी काढून घरी स्वतः करायचा विचार आहे. कुठून सुरुवात करू?

साधा_पाना
आधी एक काम करा. गाडीखाली जाऊ नका, गाडीत जा.
पुढच्या सीट काढा, रबरी मॅट उचला, त्याखालचा नमदा (जाड केसाळ गादीसारखा थर) उचला. पद्मिनीचा पत्रा खालून जितका कुजतो त्याहून जास्त वरून कुजतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, तिथून पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली नमद्यात जाऊन बसतं. नमदा ते पाणी महिनोन्महिने धरून ठेवतो. तुम्ही खालून कितीही घासलं, काही मारलं, तरी वरून भिजणारा पत्रा जाणारच.
कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, उद्यमनगरच्या अंगाला. येणाऱ्या दर जुन्या फियाटची (पद्मिनी मूळची फियाटच) मॅट मी पहिल्यांदा उचलतो, बॉनेट नंतर.
वरून पत्रा पाहून झाला की मग खालचं बोलू.

अनवट
वाचतोय. आमच्याकडे १९७८ ची आहे, पण ती नाशिकला, त्यामुळे सुखात आहे.

सोनचाफा
पानादादांना +१.
माझे अण्णा मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे, त्यामुळे ही गाडी कुठे सडते ते पाठ आहे. जागा सांगते. (१) पुढच्या मडगार्डचा मागचा भाग, म्हणजे चाक आणि दार यांच्या मधला. तिथे चाकाने उडवलेली माती वरच्या कप्प्यात जाऊन बसते आणि बाहेरून दिसत नाही. (२) हेडलाइटच्या भोवती, आतून. (३) दाराखालची लांब पेटी, सिल. (४) मागच्या पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे बॉडीला धरतात ती जागा. (५) डिकीत स्टेपनीखाली.
पहिल्या दोन ठिकाणी गंज आला तर गाडी कुरूप होते. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी आला तर धोक्याची होते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल गेली की कंबर गेली.

हापूस_८५
धन्यवाद. सीट काढायला उद्या बसतो. सोनचाफा ताई, सिलला बाहेरून गंज दिसत नाहीये, रंग गुळगुळीत आहे. म्हणजे ठीक समजू?

साधा_पाना
गुळगुळीत असेल तर जास्त संशय घ्या. चाळीस वर्षं जुन्या गाडीची सिल आरशासारखी असेल तर आत लांबी (पुट्टी) भरलेली असते.
लोहचुंबक घ्या, फ्रिजवर चिकटवतात तसला साधा. त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि सिलवरून फिरवत जा. जिथे सुटेल तिथे लांबी किंवा एम-सील आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला बद्द वाजतो. टोकाने भोसकू नका, निदान आत्ता तरी. आधी गाडी उचलायची आहे आणि कुठे टेकवायची ते यावरूनच ठरणार आहे.

बर्फातला_मावळा
टोरोंटोहून. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा आमचा राष्ट्रीय छंद आहे. माझी जुनी गाडी इंग्लिश आहे, पद्मिनी नव्हे, पण पत्र्याचा धर्म तोच.
एक गोष्ट इथे सगळे शिकतात. मिठाचा क्लोराइड शिवणीत, म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्ड केलेल्या फटीत, जाऊन बसतो. तिथे वारा लागत नाही, ओल टिकते आणि मीठ हवेतली आणखी ओल ओढून घेतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फट आतून फुगवतो आणि स्पॉट उकलतात. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ नसलं तरी समुद्राचं वारं तेच करतं, फक्त सावकाश. आणि कुणी गाडी पुळणीत घातली असेल तर सावकाशही नाही.
म्हणून प्रेशर वॉशरबद्दल: प्रेशरने चिखल निघतो हे खरं, पण तेच पाणी मीठ घेऊन फटीत खोल जातं. शिवाय जुन्या कोटिंगची सुटलेली कडा उचलली जाते आणि पाणी तिच्या मागे शिरतं. बाहेरून चकाचक, आत डबकं.

हापूस_८५
पुळणीत गाडी... काकाने लहानपणी आम्हाला गणपतीपुळ्याला नेलं होतं, एवढंच सांगतो. :)

जुनाखोड
जळक्या ऑइलला लोक नावं ठेवतात म्हणून लिहितो. आमच्या महिंद्रा जीपला तीस वर्षं दर मे महिन्यात डिझेल आणि इंजिनचं उतरवलेलं ऑइल मारलं. चासी आजही शाबूत आहे. ज्यांनी हे सुरू केलं ते मूर्ख नव्हते. पैसे नव्हते, कोटिंग नव्हतं, पाऊस मात्र होता. तेल पाणी धरू देत नाही, एवढा साधा हिशोब.

साधा_पाना
जुनाखोड काका, तुमचं चुकीचं नाहीच. पण जीपची चासी म्हणजे जाड चॅनेल, आणि तिला रबर कमी. पद्मिनीचा फ्लोअर म्हणजे जेमतेम एक मिलीमीटरच्या आसपासचा पत्रा. तो गंजायला लागला की तेल मारायला उसंत देत नाही. आणि पाट्यांचे बुश, शॉकअपचे रबर, इंजिनचं माउंटिंग, ब्रेकचे होज, सगळं खालीच. खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिचपिचीत होतं. बुश गेले की गाडी वळणावर डुलते, मग लोक म्हणतात पद्मिनीचं सस्पेन्शनच तसं.
आणखी एक. तेल ओल्या मातीवर मारलं तर माती आणि तेलाचा गोळा होतो. तो खरवडताना आम्हाला जे पुण्य लागतं ते विचारू नका.

रसायनवाला
मी रंगाच्या कारखान्यात काम करतो, त्या अंगाने लिहितो.
उतरवलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं, धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगं असतात. ते फवारताना धुक्यासारखं होतं, ते छातीत जातं. ठिबकून अंगणात, तिथून विहिरीत. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं.
आगीचंही समजून घ्या. डिझेल उघड्या ताटलीत सहज पेटत नाही, पण त्याची बारीक फवार उडवली तर ठिणगीला लगेच पेटते, मग तापमान कितीही कमी असो. कंप्रेसरने डिझेल फवारताना बाजूला कुणी बिडी ओढत असेल तर धागा इथेच संपेल. ग्रीस काढायला पेट्रोल तर कधीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि तुम्ही नेमके जमिनीलगत झोपलेले असता. खड्ड्यात, म्हणजे सर्व्हिसिंगच्या पिटमध्ये काम करणार असाल तर ती वाफ तिथे साठून राहते.

गुगल_पंडित
एवढं कशाला? बाथरूम साफ करायचं ॲसिड पाण्यात मिसळून ब्रशने लावा. गंज दोन मिनिटांत गायब. व्हिडिओ पाहिलाय.

रसायनवाला
गायब होतो, आणि आठवड्यात दुप्पट होऊन परत येतो. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्यातला क्लोराइड म्हणजे वर मावळ्यांनी सांगितलेलं समुद्राचं मीठ, तेच, फक्त जास्त तिखट. मोकळ्या पत्र्यावरून धुता येईल, फटीतून कधीच नाही. त्याच्या वाफेने शेजारचं चांगलं लोखंडही गंजतं. बंद शेडमध्ये ठेवलेल्या हत्यारांवरसुद्धा तांबेरा येतो.
गंजाचं रूपांतर करायला फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारी द्रावणं मिळतात, त्याने गंजाचं लोह-फॉस्फेट होतं. दुसरा प्रकार टॅनिक ॲसिडचा, त्याने तांबूस गंज निळसर काळा पडतो. आपल्याकडे हिरड्यात लोखंड घालून काळी शाई करायचे, तीच किमया. (म्हणून गाडीला हिरडा चोळू नका, कुणीतरी विचारेलच.) पण ही दोन्ही द्रावणं घट्ट बसलेल्या पातळ गंजावर काम करतात. सुटे पापुद्रे आणि मातीवर मारलीत तर पैसे आणि वेळ दोन्ही मातीत.

गुगल_पंडित
हिरडा विचारणारच होतो. :D

सोनचाफा
आता उचलण्याबद्दल कुणीतरी लिहा, मी वाट पाहतेय. सगळे रसायनात रमलेत आणि धागाकर्ता चिऱ्यावर गाडी ठेवून खाली शिरणार आहे.

हापूस_८५
ताई, तुम्हाला कसं कळलं? अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले आहेतच...

साधा_पाना
चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक, काहीही नाही. हे सगळे दाबाखाली अचानक फुटतात, आधी वाकत नाहीत की कुरकुरत नाहीत. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, भले पानाच खाली पडला असेल. जॅक उचलण्यासाठी, पेलण्यासाठी घोडी, म्हणजे गाडीखाली उभा करायचा लोखंडी आधार. चांगल्या लोखंडी घोड्यांची जोडी घ्या, भाड्यानेही मिळते.
आता नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात.
पद्मिनीचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला, गाडीला धरणारं काहीच उरत नाही. म्हणून मागचं उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. जमीन सपाट आणि कडक पाहिजे. शेणाच्या किंवा मातीच्या अंगणात घोडी रुतते, खाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवा.
टेकवायचं कुठे? सिलवर नाही, फ्लोअरवर तर नाहीच. मागे हाऊसिंगच्या (मागच्या ॲक्सलच्या) नळीखाली, डावीउजवीकडे, पाट्यांच्या जवळ. मधल्या फुगीर भागाखाली नको. पुढे क्रॉस मेंबरखाली, म्हणजे आडव्या जाड तुळईखाली. पण आधी तोही ठोकून बघा. चुंबकाचं आणि टकटकीचं काम आधी सांगितलं ते यासाठी.
घोड्यांवर ठेवली की बाजूने हाताने जोरात हलवा. हलली तर खाली उतरवा, परत लावा. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. आणि घरात कुणीतरी माणूस हाकेच्या अंतरावर पाहिजे.
वॉशिंग सेंटरला न्यायची असेल तर ज्या रॅम्पवर गाडी चाकांवर उभी राहते तो चालेल. दोन खांबांची, सिलखाली हात घालून उचलणारी लिफ्ट असेल तर चहा पिऊन परत या.

जुनाखोड
वा पाना. हे प्रिंट काढून शेडमध्ये लावण्यासारखं आहे.

हापूस_८५
अपडेट देतो. सीट काढल्या, मॅट उचलली.
प्रवाशाच्या बाजूला नमदा कोरडा, पत्र्यावर कंपनीचा मूळ राखाडी प्राइमर अजून दिसतो. ड्रायव्हरच्या बाजूला नमदा हातात धरला तर मऊ चिखलासारखा तुटत आला, वास कुबट. खाली ॲक्सिलरेटरच्या मागे तळहाताएवढा चौकोनी पत्रा रिबिटने बसवलाय, कडेने एम-सील, वरून काळा रंग. कुणी केलं माहीत नाही, बाबांनाही आठवत नाही. रिबिटभोवती टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत, त्यातून खालचं अंगण दिसतं. एका भोकातून मुंग्या वर येत होत्या.
सिलवर चुंबक पुढच्या दोन वीत भागात धरत नाही, डाव्या बाजूला. उजवी पूर्ण धरते. हाऊसिंग आणि क्रॉस मेंबर टणटण वाजतात.

साधा_पाना
उत्तम तपासणी. आता चित्र स्पष्ट आहे. डावी सिल आणि ड्रायव्हरचा फ्लोअर हे वेल्डिंगचं काम आहे, तुमच्या सुट्टीचं नाही. ते मिस्त्रीकडे. बाकी साफसफाई तुम्ही करा, म्हणजे मिस्त्रीला चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते दिसेल. पॅचवर पॅच मारू देऊ नका. सडलेला पत्रा कापून चांगल्या पत्र्याला जोड द्यायला सांगा.
वेल्डिंगच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा आणि तीन गोष्टी बघा. बॅटरीच्या दोन्ही वायर काढल्यात का, पेट्रोलची टाकी आणि नळी त्या भागातून काढली किंवा बाजूला केली का, आणि आतला नमदा, फोम, वायरिंग हलवलंय का. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भयंकर, कारण आत वाफ असते. बादलीभर वाळू आणि एक माणूस आतल्या बाजूला उभा. खालून वेल्ड करताना आग आत लागते आणि करणाऱ्याला दिसत नाही.
गाडीला कधी सीएनजी किट बसवलं होतं का? असेल तर ती लाइन जाणकाराकडून सोडवून घेतल्याशिवाय कशालाही हात नको.

हापूस_८५
सीएनजी नाही. मग साफसफाईचा क्रम सांगा ना. पाणी मारायचं की नाही?

सोनचाफा
मी सांगते, कारण अण्णांकडून मी हेच काम शिकलेय.
आधी कोरडं, मग ओलं. कोरडी माती खरवडायला लोखंडी पटाशी नको, लाकडाची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घ्या. नारळाच्या करवंटीचा तुकडासुद्धा चालतो, गंमत नाही. वाकडा कोपरा असेल तिथे तोच बरा बसतो. जाड माती काढून झाली की भांडी घासायचा ताठ ब्रश, फटीत जुना टूथब्रश.
खालून काम म्हणजे सगळं तोंडावर पडतं. चष्मा घालत असाल तरी वरून बंद गॉगल घाला. गंजाचा कण डोळ्यात गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि टोचत राहिला तर डॉक्टरकडे जा. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर तिथेही गंजतो, खरंच.
मास्क साधा कापडी नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पॉलिश पेपर पाण्यातला घ्या आणि ओलं घासा. आणि ब्रेकच्या ड्रमजवळ हवा मारू नका! जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. अण्णा आयुष्यभर फुंकर मारून ड्रम साफ करायचे, सगळेच करायचे, तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

रसायनवाला
ग्राइंडरला वायर कप लावणार असाल तर सुट्या तारा सुईसारख्या उडतात. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, अंगाला घट्ट कपडे. लुंगी, मफलर, सैल बाही नको. पेट्रोलच्या नळीजवळ ग्राइंडर अजिबात नको, तिथे हाताने. आणि उजेडाला एलईडी घ्या. जुना काचेचा बल्ब फुटला की तापलेली तार उघडी पडते.

सोनचाफा
आता पाणी. कोमट पाणी, थोडा गाडी धुवायचा शॅम्पू, ब्रश, आणि मग बागेच्या नळीने साधी धार. धार वरून खाली, चाकाच्या कमानीतून बाहेरच्या दिशेने. पाणी गोडं पाहिजे. समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरी मचूळ असतात, त्या पाण्याने धुतलं तर मीठ काढायला मीठच लावल्यासारखं. तुमच्याकडे पागोळीचं पाणी साठवायची सोय असेल तर यासारखं पाणी नाही.
धुण्याआधी दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं शोधा. मातीने किंवा कुठल्यातरी हौशी माणसाने मारलेल्या कोटिंगने बुजलेली असतात. मऊ तारेने मोकळी करा, ड्रिल मारू नका. एका भोकातून कपभर तांबडं पाणी आलं तर दचकू नका. ते आत होतं त्यापेक्षा बाहेर बरं.

साधा_पाना
भर घालतो. मागच्या हाऊसिंगला वर हवा जायची छोटी टोपी असते, तिथे धार नको. पाणी आत गेलं की गिअर ऑइल दुधासारखं होतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर वायर ब्रश चालवू नका, फडक्याने पुसा आणि बघा. खड्डे पडलेली नळी दिसली तर बदलायची, साफ करत बसायचं नाही. ड्रम ब्रेक भिजले की पकडत नाहीत, म्हणून धुतल्यावर पहिल्या वेळी अंगणातच हळू चालवून ब्रेक दाबत सुकवा, लगेच घाटात काढू नका.
आणि धुतल्यावर ग्रीसिंग, त्याच दिवशी. किंगपिन, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळे निपल (ग्रीस भरायची तोंडं). नवं ग्रीस जुन्याला आणि पाण्याला बाहेर ढकलेपर्यंत मारा.

हापूस_८५
आणि लगेच काळं कोटिंग?

साधा_पाना
नाही!! इथेच तर सगळे घाई करतात. धुतलेली गाडी उन्हात, वाऱ्यात, दारं-डिकी उघडी ठेवून वाळू द्या. पत्रा एका दुपारीत कोरडा दिसतो, फट दिसत नाही. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, आठवडाभर खाऊ द्या गाडीला. आत नमदा टाकू नका. रात्री दव पडतं, म्हणून संध्याकाळी शेडमध्ये, पण प्लास्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो.
गाडीला काळं फासणं हा आपल्याकडचा मोठा आजार आहे. विकणारे खास त्यासाठीच मारतात. वापरलेली पद्मिनी घ्यायला जाल आणि खाली ताजं काळंभोर कोटिंग दिसलं तर आनंद मानू नका, चुंबक काढा. डांबरी कोटिंग काही वर्षांत कडक होतं, तडकतं, आणि तडकलं की पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. खाली पत्रा सडतो आणि वर कोटिंगचा पापुद्रा तसाच सुरेख दिसत राहतो. तुमच्या मडगार्डमध्ये बोटाने सुटलं ते हेच.

बर्फातला_मावळा
शंभर टक्के. आमच्याकडे म्हणूनच बरेच लोक कडक कोटिंग सोडून मेणासारख्या किंवा लॅनोलिनच्या, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीच्या, कोटिंगकडे वळलेत. ते मऊ राहतं, ओरखडा पडला तर थोडं सरकून भरून येतं, आणि खाली काय चाललंय ते दिसतं. दरवर्षी हात फिरवावा लागतो, हा तोटा.

रसायनवाला
क्रम असा ठेवा. घट्ट गंजावर कन्व्हर्टर (वर सांगितलेलं गंजाचं रूपांतर करणारं द्रावण), पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेटचा प्राइमर, शिवणींवर सीलंट, मग रंग. पोकळ भागात, म्हणजे सिलमध्ये, रंग पोहोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचं द्रावण. सायलेन्सर, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट, पाट्या आणि रबर यांच्यावर काही नाही. पाणी जायची भोकं परत बुजवू नका, त्यात काडी खोचून रंग मारा.
रेड ऑक्साइड मारून थांबणारे बरेच आहेत. प्राइमर हा रंग नव्हे, साधा रेड ऑक्साइड पाणी थोडंफार शोषतो. वर रंग हवाच.

जुनाखोड
पाट्यांना तरी तेल चालेल की नाही? का तेही गेलं?

साधा_पाना
काका, पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस, जरूर. तेवढं तुमचं राहू दे. :)

अनवट
अवांतर: फ्लोअरचे तयार पत्रे किंवा मडगार्ड अजून मिळतात का? टॅक्सी बंद झाल्यापासून काय स्थिती आहे?

सोनचाफा
ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्याआधीच बऱ्याच भंगारात गेल्या होत्या. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे दारं, मडगार्ड, बोनेट शोधलं तर सापडतं, पण टॅक्सीचा पत्रा मुंबईच्या पावसात वीस वर्षं भिजलेला असतो. चुंबक खिशात ठेवून जा आणि लाजू नका, तिथे सगळे ठोकूनच घेतात. फ्लोअर मात्र सपाट पत्र्यातून बनवून घेणं सोपं. चांगला मिस्त्री त्यावरच्या नाळी, म्हणजे पन्हळीसारखे उठाव, हाताने उठवतो. सपाट ठेवू देऊ नका, त्या नाळींनीच पातळ पत्र्याला ताकद येते.
काचेचं रबर मात्र नवं टाका, सगळ्यात आधी. नाहीतर नवा फ्लोअरही भिजेल.

हापूस_८५
ठरलं तर. काचेचं रबर, मग डाव्या सिलसाठी मिस्त्री, त्याआधी कोरडी खरवड मी करतो. घोड्या चिपळूणच्या एका गॅरेजकडून आणतोय. मडगार्डमधली माती काढायला सुरुवात केली आहे, एका बाजूची अर्धी बादली निघाली, त्यात एक गोगलगायीचं शिंपलं आणि बहुतेक पुण्याचीच असावी अशी मुरमाड खडी. जळकं ऑइल मिस्त्रींना नम्रपणे नाही सांगितलं. ते म्हणाले, "बघा, तुमची गाडी."
एकच शंका उरली. मे महिन्यात, पावसाच्या आधी परत काय करायचं?

साधा_पाना
धुवायचं नाही. फक्त बघायचं. मेणाचा थर कुठे निघाला असेल तिथे हात फिरवायचा, पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची, मॅट उचलून बोट लावून बघायचं कोरडं आहे का. आणि पावसाळ्यात गाडी दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून थोडी चालवा. सायलेन्सरमधलं पाणी उडून जाईपर्यंत तरी, निव्वळ चालू करून बंद करू नका.

जोशीबुवा
चांगला धागा. अँबेसेडरला हेच लागू का? आमची १९९२ ची आहे, डोंबिवलीत.

साधा_पाना
बरंचसं. तीही वेगळ्या चासीशिवायचीच गाडी, मागे पाट्याच. पण तिचे पुढचे टॉर्शन बार आणि बॉडीचे बॉक्स सेक्शन वेगळे आहेत, टेकवायच्या जागा वेगळ्या. इथे घुसडलं तर गोंधळ होईल. नवा धागा काढा, फोटो टाका, मी येतो.